दोन दिवसांची मुंबई, मुक्काम दादरला

शनिवारी सकाळी मुंबईत उतरायचं आणि रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसायचं, असे बेत पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा सगळ्या गावांत सतत ठरत असतात. एखादं नाटक बघू, चित्रप्रदर्शन बघू, चांगलंचुंगलं खाऊ आणि नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या जुन्या मित्रमैत्रिणींना भेटू, एवढ्याच चार गोष्टी मनात असतात. यादी लिहायला घेतली की मात्र तिचं शेपूट वाढत जातं. गेटवे, म्युझियम, वांद्र्याला जेवण, जुहूला पृथ्वी थिएटर, बोरिवलीचा मित्र, डोंबिवलीची मैत्रीण आणि जमलं तर मरीन ड्राइव्ह. कागदावर हे सगळं दोन दिवसांत बसतं, कारण कागदावर ठिकाणं लिहिलेली असतात, मधला वेळ लिहिलेला नसतो. तो लिहून बघा. शनिवारी सकाळी साडेदहा ते रविवारी रात्री साडेआठ म्हणजे ३४ तास. त्यातून झोप, आंघोळी आणि थोडं पाठ टेकणं यांचे १२ तास वजा केले की उरतात २२. सात ठिकाणं म्हणजे सहा फेऱ्या. मुंबईतली अशी एक लांबची फेरी, म्हणजे स्टेशन गाठणं, गाडीची वाट बघणं, प्रवास, पुलाचे जिने आणि पलीकडची रिक्षाची रांग, हे सगळं धरलं तर दीड तासाच्या आत क्वचितच होते. नऊ तास तिथेच संपले. राहिलेल्या १३ तासांत नाटक, चित्रं, चार वेळचं खाणं आणि सात वर्षांनी भेटणारा मित्र. त्या मित्राच्या वाट्याला घड्याळाकडे बघत घेतलेला एक चहा येतो.

यावर लोक सहसा दोन उपाय सांगतात. एक, यादी कमी करा. दोन, टॅक्सी करा. टॅक्सीने फारसं साधत नाही, कारण शनिवार-रविवारीही संध्याकाळचा रस्ता लोकलपेक्षा हळू सरकतो. यादी कमी करण्याचा सल्ला बरोबर असला तरी अर्धवट आहे. काय कमी करायचं हे तो सांगत नाही. माझं म्हणणं असं की गोष्टी कमी करायची गरज नाही, जागा कमी करायच्या. दोन दिवसांच्या मुंबईत दोनच परिसर ठेवावेत: शनिवारी काळा घोडा आणि फोर्ट, रविवारी दादर आणि माटुंगा. मुक्काम दादरलाच. नाटक, चित्रं, खाणं आणि मित्र या चारही गोष्टी त्यात पुरेपूर बसतात, आणि धावपळ वाटली तरी ती पायी चालण्याची असते, गाड्या बदलण्याची नसते.

दादरच का, याचं उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. मुंबईची लोकल दोन मोठ्या मार्गांनी उत्तरेकडे जाते. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून विरारकडे, साधारण ६० किलोमीटर. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याणकडे, साधारण ५४ किलोमीटर. दोन्ही मार्गांवरच्या जलद गाड्या जिथे थांबतात आणि एकाच पुलावरून इकडून तिकडे जाता येतं, असं ठिकाण दादर. तुमचे मित्र कुठे राहतात ते आठवा. वसई, बोरिवली, कांदिवली, ठाणे, डोंबिवली, कल्याण. यांतला जो तो गाडी न बदलता दादरला येऊ शकतो. वाशी-पनवेलकडच्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, तेवढाच त्रास. आता दादरला भुयारी मेट्रोचंही स्टेशन आहे. आरेपासून कफ परेडपर्यंतची ही मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली, त्यामुळे दादरहून हुतात्मा चौकापर्यंत गर्दीत न चेंगरता थेट जाता येतं. शिवाय पुण्याहून येणारी डेक्कन क्वीन आणि नाशिककडून येणारी पंचवटी या दोन्ही गाड्या दादरला थांबतात. तिथेच उतरा, सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवा आणि मोकळ्या हातांनी फोर्टकडे निघा. खोली दुपारी बारानंतर मिळते म्हणून सकाळ तिथे बसून घालवायचं कारण नाही.

आता नाटकाकडे येऊ, कारण बेताची खरी अडचण तिथे आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि शनिवार-रविवारच्या सोयीच्या गाड्या भराभर भरतात. मराठी व्यावसायिक नाटकाचं तसं नसतं. निर्मात्याला नाट्यगृहाच्या तारखा मिळाल्या, कलाकारांच्या मालिकांच्या चित्रीकरणाशी त्यांचा मेळ बसला, की मग जाहिरात येते. बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवडे आधी. तिकीटखिडकीवर प्लॅन तर प्रयोगाच्या काही दिवसच आधी उघडतो. म्हणजे प्रवास ठरवायच्या वेळी नाटक ठाऊक नसतं आणि नाटक कळतं तेव्हा गाडी भरलेली असते. पुष्कळ लोक इथे हात टेकतात आणि जमलं तर नाटक बघू म्हणतात, आणि मग ते जमत नाही. यातून मार्ग असा की आधी नाटक ठरवू नये, नाटकाची वेळ आणि नाट्यगृहांचा परिसर ठरवावा. दादरच्या आसपास तीनचार किलोमीटरच्या आत तीन मोठी नाट्यगृहं आहेत: प्लाझा सिनेमासमोरचं १९६५ सालचं शिवाजी मंदिर, माटुंगा पश्चिमेचं नाट्य परिषदेचं यशवंत नाट्यमंदिर, आणि प्रभादेवीचं रवींद्र नाट्यमंदिर, जे दुरुस्तीनंतर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. रविवारी शिवाजी मंदिरात तर सकाळ, दुपार, रात्र असे तीन वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग लागण्याची जुनी रीत आहे. एवढ्या जागा आणि एवढ्या वेळा एकत्र असल्या की रविवारी दुपारी बघण्याजोगं काहीतरी असणार, असं धरून गाडीचं तिकीट बिनधास्त काढता येतं. जुहूला किंवा बोरिवलीला हा भरवसा देता येत नाही. तिथे एकच नाट्यगृह, आणि ते त्या दिवशी दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलेलं असलं की बेत संपला.

तरी एक आक्षेप उरतोच: नाटक आमच्या गावातही येतं, त्यासाठी मुंबई कशाला? आक्षेप रास्त आहे. मराठी नाटकाने महाराष्ट्रभर दौरे करण्याची परंपरा अजून सोडलेली नाही, आणि गाजलेलं नाटक आज ना उद्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरात किंवा सांगलीत येतंच. पण दौऱ्यावर निघतं ते नाटक आधीच चाललेलं असतं. न चाललेलं, नुकतं उघडलेलं, पंचविसाव्या प्रयोगापर्यंत पोचेल की नाही याची खात्री नसलेलं नाटक तुमच्या गावात येत नाही. शिवाय व्यावसायिक रंगभूमीच्या बाहेर नाटकाची एक दुसरी वाट आहे. याच दादरमध्ये छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं उभी केली, आणि एका शाळेच्या नावाने मराठी नाटकाची चळवळ ओळखली जाऊ लागली. त्या वाटेची नाटकं आज छोट्या रंगमंचांवर होतात: रवींद्र नाट्यमंदिराच्या संकुलातल्या लहान सभागृहात किंवा नरिमन पॉइंटच्या एनसीपीएच्या एक्सपेरिमेंटल थिएटरमध्ये. ज्याला नाटकाची खरी ओढ आहे त्याने मुंबईत यायचं ते हे पर्याय एकमेकांशेजारी ठेवून निवडण्यासाठी. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांतलं नाटकांच्या जाहिरातींचं पान नीट वाचा. तिकिटांच्या ॲपवर जे दिसतं त्यापेक्षा तिथे एका नजरेत जास्त कळतं, कारण कोणत्या नाट्यगृहात कोणत्या वेळी काय आहे हे शेजारी शेजारी छापलेलं असतं.

शनिवार चित्रांसाठी राखा, आणि तोही शनिवारच. कुलाबा-फोर्टमधल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद, त्यामुळे एक दिवस रजा जोडून रविवार-सोमवार येणाऱ्यांची पंचाईत होते. शनिवारी सगळं उघडं असतं आणि सगळं एका चौकाभोवती आहे. हुतात्मा चौक मेट्रो स्टेशनातून वर आलात की दहा मिनिटांच्या चालीत काळा घोडा येतो. ज्या काळ्या घोड्यावरून हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलला आणि राणीच्या बागेत गेला. नाव तेवढं राहिलं, आणि २०१७ मध्ये त्या जागी स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. या चौकाच्या एका बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी, रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, आणि जहांगीरच्या शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिन्हींमध्ये गाडीत बसायची वेळ येत नाही.

या तिन्हींना सारखा वेळ देऊ नका. वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, इमारत गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटची, आणि आतला पसारा इतका मोठा की सगळं बघायला गेलात तर तीन तासांनी पाय दुखतील आणि डोक्यात काहीच उरणार नाही. लघुचित्रांचं दालन आणि एखादं शिल्पांचं दालन, एवढ्यावर थांबा. आधुनिक कला संग्रहालय सर कावसजी जहांगीर हॉलच्या जुन्या इमारतीत १९९६ मध्ये उघडलं. एकेकाळच्या सभागृहाच्या पोटात वर्तुळाकार जिन्यांनी चढत जाणारे मजले बसवले आहेत, त्यामुळे खालचं चित्र वरच्या मजल्यावरून पुन्हा दिसतं, आणि ते वेगळं दिसतं. इथे तास-दीड तास द्या. जास्तीत जास्त वेळ मात्र जहांगीरला द्यावा, असं मी ठामपणे सांगेन. ही गॅलरी १९५२ पासून चालू आहे, प्रवेश विनामूल्य, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. प्रदर्शनं साधारण आठवडाभराची असतात आणि दालनं अनेक, म्हणजे एका दिवशी चारपाच चित्रकार एका छताखाली. या गॅलरीचं वैशिष्ट्य भिंतींच्या बाहेर आहे: बहुतेक वेळा चित्रकार स्वतः हजर असतो. दाराशी एक टेबल, त्यावर माहितीपत्रक आणि अभिप्रायाची वही, आणि टेबलामागे तो किंवा ती, साताऱ्याहून किंवा अकोल्याहून चित्रं ट्रकमध्ये घालून आलेली, आपल्या चित्रासमोर कोण किती वेळ थांबतंय हे तिरक्या नजरेने बघणारी. या माणसांशी बोला. हे चित्र आधी कुठून सुरू केलंत, कोपऱ्यातला तो रंग नंतर लावला का, असं विचारलं की ते उभे राहून दाखवायला लागतात. किंमत विचारायलाही संकोच नको. विकत घ्यायचं नसलं तरी एका चित्राचं मोल कसं ठरतं हे कळतं, आणि विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

चित्र कळत नाही म्हणून गॅलरीत जायचं टाळणारे वाचक पुष्कळ असतील. त्यांना एकच सांगणं: एका दालनात शिरा, सगळ्या चित्रांवरून एकदा नजर फिरवा, मग ज्याच्याकडे परत जावंसं वाटलं त्या एकाच चित्रासमोर पाच मिनिटं उभे राहा. आधी दोन हात अंतरावरून, मग भिंतीच्या विरुद्ध टोकावरून. कॅनव्हासवर रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे खालचं कापड दिसतंय, रेघ एका दमात ओढलीय की खोडून पुन्हा, एवढं बघायला कुठलंही शिक्षण लागत नाही. नाटकाला कळतं का हे न विचारता आपण जातो. चित्रालाही तसंच जावं.

दुपारच्या जेवणाला फोर्टमध्ये तोटा नाही, पण परगावच्या माणसाने एकदा तरी इराणी-पारशी जेवण घ्यावं, कारण ते त्याच्या गावात सहसा मिळत नाही. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं. बेरी पुलाव ही त्यांची ओळख. इराणहून येणारी आंबट झिरेश्कची फळं भातावर पेरलेली असतात. ती मुख्यतः दुपारच्या जेवणाची जागा आहे, तेव्हा दीडच्या आत पोचा. नुसता चहा, ब्रून-मस्का आणि मावा केक हवा असेल तर मरीन लाइन्सजवळ १९०४ सालचं कयानी आहे. संध्याकाळी दोन पर्याय. एनसीपीएमध्ये प्रयोग असेल तर तो बघा. विधान भवन मेट्रो स्टेशन जवळ आहे. नसेल तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. तेवढ्यासाठी वेगळी फेरी पडत नाही, म्हणूनच मरीन ड्राइव्ह या बेतात बसतो आणि जुहू बसत नाही. परतताना एवढं ध्यानात ठेवा की मेट्रो लोकलच्या बऱ्याच आधी बंद होते. नाटक रेंगाळलं तर चर्चगेटहून दादरची लोकल धरा. आणि शनिवारी सकाळी किंवा रात्री जेव्हा शिवाजी मंदिरावरून जाल तेव्हा तिकीटखिडकीत डोकावा. त्याच इमारतीत मॅजेस्टिकचं पुस्तकांचं दालन आहे. ते उघडं असताना अर्धा तास तिथे घालवावा.

रविवार लवकर सुरू करा, शक्य झालं तर उजाडताच. दादर पश्चिमेला स्टेशनाला लागून फुलबाजार भरतो. टोपल्यांत झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाखाली गुलाब, शेवंतीचे भारे डोक्यावर घेऊन गर्दीतून वाट काढणारे हमाल, पायाखाली देठांचा आणि पानांचा चिखल. घाऊक व्यवहार सकाळी लवकर आटोपतो, म्हणून आठनंतर गेलात तर त्यातला जोर गेलेला असतो. तिथून न्याहारीला माटुंगा. किंग्ज सर्कल आणि माटुंगा स्टेशनच्या आसपास दाक्षिणात्य वस्तीने उभी केलेली उपाहारगृहं आहेत: १९३९ सालचं राम आश्रय, १९४० सालचं कॅफे मद्रास, आणि केळीच्या पानावर जेवण वाढणारं १९४२ सालचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. रसम इडली, अननसाचा शिरा, फिल्टर कॉफी. आक्षेप येतो की रविवारी तिथे फूटपाथवर तासभर रांग असते, सुट्टीतला तास इडलीसाठी का घालवायचा? आठच्या आत पोचलात तर ती रांग लहान असते, आणि एका दारात गर्दी दिसली तर दुसरं दार पाच मिनिटांवर आहे. ठरावीकच हॉटेल हवं हा हट्ट सोडला की रांगेचा प्रश्न बराचसा सुटतो. न्याहारी करून माटुंगा बाजारात एक चक्कर मारा. दक्षिणी स्वयंपाकाची भाजी, केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे, ताजी दळलेली कॉफी. पाव किलो कॉफी घरी न्यायला सगळ्यांत चांगली भेट आहे, आणि ती बॅगेत सांडत नाही.

मित्रांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तिथे माझं मत अनेकांना रुचणार नाही. दोन दिवसांच्या मुंबईत कुणाच्याही घरी जाऊ नका. उतरूही नका आणि भेटायलाही जाऊ नका. बोरिवलीला मुक्काम केला तर दादरपासून २४ किलोमीटर. गाडी आणि घर-स्टेशन धरून एका बाजूला दीड तास, दोन दिवसांत अशा चार खेपा, म्हणजे सहा तास. शिवाय यजमानांची रविवारची सकाळ तुमच्या पोह्यांत जाते. घरी या म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, माणसं दुखावतील, असा प्रश्न येणार. आपल्याकडे घरी न जाणं म्हणजे माणूस परका मानणं, हे खरंच आहे, आणि मावशी-काकांच्या बाबतीत मी हा नियम लावणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी खेप करावी, ती या बेतात कोंबू नये. पण मित्रांना नाही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. आठ दिवस आधी सगळ्यांना एकच निरोप पाठवा: रविवारी साडेबाराला दादरला जेवण, चारच्या सुमाराला नाटक, तिकिटं मी काढतोय, कोण कोण येतंय ते बुधवारपर्यंत सांगा. यात तीन गोष्टी घडतात. प्रत्येकाला आपापल्या घरून एकच गाडी. एकमेकांना न भेटलेले मुंबईतलेच मित्र तुमच्या निमित्ताने एकत्र येतात. कांदिवली आणि कल्याण यांची भेट वर्षानुवर्षं होत नाही, हे मुंबईकराला विचारा. आणि तिकिटं आधीच हातात असल्यामुळे ऐन वेळी गळणाऱ्यांची संख्या घटते. नुसत्या जेवणाला ‘बघतो’ म्हणणारा माणूस नाटकाच्या खुर्चीचा क्रमांक मिळाला की येतो.

एकत्र बसून नाटक बघितलं तर बोलणं कधी होणार, अंधारात अडीच तास शेजारी बसणं म्हणजे भेट कशी, हाही आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून जेवणाची वेळ साडेबारा ठेवली आहे. नाटकाआधी तीन तास मिळतात. शिवसेना भवनाजवळ आस्वाद आहे, थालीपीठ-मिसळीसाठी. मालवणी हवं असेल तर सिंधुदुर्ग. साबुदाणा वडा आणि पीयूष यांसाठी प्रकाश. सातआठ जण असाल तर बाराच्या ठोक्याला एकाने आधी जाऊन जागा धरावी, कारण एकनंतर मोठा गट एका टेबलावर बसवणं कुणालाच जमत नाही. आणि अनेक वर्षांनी भेटलेल्या माणसांना दोनतीन तासांच्या गप्पांनंतर नाटकाचा उपयोगच होतो. नोकरी, मुलं, गुडघे आणि घराचे हप्ते हे विषय संपलेले असतात. नाटकानंतर नवा विषय मिळालेला असतो, आणि त्यावर मतभेद असले तर फारच छान.

नाट्यगृहात थोडं आधी पोचा, पण दार उघडायला उशीर झाला तर चिडू नका. सकाळचा प्रयोग एका नाटकाचा आणि दुपारचा दुसऱ्याचा असला की मधल्या थोड्या वेळात एकाचं नेपथ्य उतरवून बाहेर काढायचं असतं, दुसऱ्याचं गाडीतून उतरवून उभं करायचं असतं, दिवे फिरवायचे असतात. भिंती, दारं, जिना, सोफा हे सगळं माणसं हातांनी वाहून नेतात. शिवाजी मंदिराच्या मागच्या बाजूला थोडा वेळ उभे राहिलात तर हे डोळ्यांनी बघता येतं, आणि मग पडदा उघडल्यावर दिसणारा दिवाणखाना तासाभरापूर्वी तिथे नव्हता हे कळून नाटक बघायची नजर बदलते. मध्यंतरात बटाटावडा घ्यायचाच. इथल्या प्रेक्षकांची ती पिढ्यांची सवय आहे, आणि पहिल्या घंटेच्या आत काउंटरवर पोचायचं असेल तर मध्यंतराचा पडदा पडताच उठावं लागतं. तिकिटं साधारण ₹३०० ते ₹५०० च्या घरात असतात, बाल्कनी स्वस्त. नाटकातले चेहरे वाचायचे असतील तर मधल्या रांगा घ्या. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर तिकीट काढतानाच जिने किती आणि लिफ्ट चालू आहे का, हे विचारून घ्या.

अडचणी आणखीही आहेत. रविवारी दिवसा लोकलचा मेगाब्लॉक असतो; मध्य रेल्वेवर आणि हार्बरवर तर जवळपास दर आठवड्याला. शनिवारी त्याचं वेळापत्रक वाचा आणि कल्याण-डोंबिवलीच्या मित्रांना एक तास लवकर निघायला सांगा. जून ते सप्टेंबर हा बेत करायचा तर फोर्टचा चालण्याचा भाग छत्रीखाली होईल, पण चित्रं आणि नाटक दोन्ही छपराखाली आहेत. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर मात्र बेत सरळ पुढे ढकला. दादर-हिंदमाता भागात पाणी भरतं आणि लोकल थांबली की कुणीच कुणापर्यंत पोचत नाही. दादरला राहणं महाग पडतं ही तक्रार खरी आहे. हॉटेलं मोजकी, खोल्या लहान, आणि स्टेशनजवळच्या रस्त्याचा आवाज पहाटेपर्यंत थांबत नाही. तरी वाचलेले सहा तास आणि टॅक्सीचे पैसे त्या भाड्यातून वजा करून बघा, आणि खोली ठरवताना मागच्या बाजूची मागा. बजेट अगदीच कमी असेल तर शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने येऊन, शनिवारी मुक्काम करून, रविवारी रात्री निघणं हा कोल्हापूर-नागपूरकडच्यांसाठी सोयीचा मार्ग आहे. दोन रात्री गाडीत, एकच खोलीत.

गेटवे राहिला, वांद्रे राहिलं, सिद्धिविनायक राहिला, मोहम्मद अली रोडचं खाणं राहिलं, अशी हळहळ काहींना वाटेल. सिद्धिविनायकाची तेवढी सोय होते. मेट्रोने दादरनंतरचं पुढचंच स्टेशन ते, आणि रवींद्र नाट्यमंदिरही तिथेच. बाकीच्यांसाठी पुढच्या वेळचा दुसरा बेत करावा. वांद्रे आणि जुहू मिळून एक स्वतंत्र शनिवार-रविवार होतो, पृथ्वीच्या प्रयोगाभोवती बांधलेला. पृथ्वीत उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, तेव्हा त्या वेळी मुक्कामही तिकडेच हवा. या वेळच्या बेतात ते घुसडलं तर नाटकाआधीचं जेवण तरी जाईल, नाही तर जहांगीरमधला तास.

परतीचं तिकीट काढताना रविवारी रात्री साडेआठच्या आधीचं काढू नका. पुण्या-नाशिककडे जायला दादरहून बसही मिळते, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत उलटं जायचं नाही. नाटक पावणेसातच्या सुमाराला सुटतं. खाली उतरलं की शिवाजी मंदिरासमोरच्या फूटपाथवर प्रेक्षक घोळक्याने उभे असतात, दुसरा अंक ताणला होता का यावर बोलत. तुम्हीही तिथे उभे राहा. चहा तिथेच मिळतो, आणि कांदिवलीची लोकल दर काही मिनिटांनी असते, त्यामुळे कुणालाही निघायची घाई नसते.